दुखणं उलटलं तर पहिल्या दिवशी काय कराल?

सन्माननीय अध्यक्ष, पांझरेकाठच्या धुळ्याहून आणि आपल्या जिल्ह्याच्या तालुक्यातालुक्यांतून आलेले डॉक्टर, परिचारिका, आशाताई, आणि आतड्याचं दुखणं अंगावर घेऊन प्रवास करून आलेले रुग्ण बंधू-भगिनी, स्वागत समितीच्या वतीने जळगावात आपणा सर्वांचं मनःपूर्वक स्वागत.

मी डॉक्टर नाही, रुग्णाचा भाऊ आहे. शौचातून रक्त पडतं म्हणजे मूळव्याधच, असं धरून आमच्या घराने दोन वर्षं काढली. मग अल्सरेटिव्ह कोलायटिस या आतड्याच्या सुजेच्या आजाराचं निदान झालं. गोळ्यांनी रक्त थांबलं, बरं वाटलं, म्हणून भावाने गोळ्या सोडल्या आणि दुखणं उलटलं. आतड्याची सूज दबून राहावी म्हणून बरं असतानाही औषध घ्यायचं असतं, हे त्याला दिलेल्या पत्रकात छापलेलं होतं. पत्रक फाइलमध्येच राहिलं.

म्हणून आजचा विषय, रुग्णाला शिकवण्याच्या पद्धतींची तुलना, मला घरचा वाटतो. रुग्णाला शिकवायचं कशाने? पुस्तिकेने, चित्रफितीने, मोबाइलवरच्या संदेशांनी, की समोर बसून? कॅनडातल्या २००२ सालच्या एका अभ्यासात माहितीपुस्तिका मिळालेल्या रुग्णांचं जीवनमान काही काळ उलट खालावलं. इंग्लंडमध्ये २००१ साली २०३ रुग्णांचा अभ्यास झाला. त्यातल्या काहींना दुखणं उलटल्यावर काय करायचं, याचा ज्याचा त्याचा आराखडा बोलून ठरवून दिला होता. त्यांचे उपचार सरासरी १५ तासांत सुरू झाले. बाकीच्यांना ५० तास लागले.

खान्देशात हे बोलणं अहिराणीत, तावडीत व्हायला हवं. रुग्णाचा पहिला प्रश्न असतो, ‘खाऊ काय?’ त्याचं उत्तर शेवभाजी, भरीत आणि कळण्याच्या भाकरीचं नाव घेऊनच द्यावं लागेल. इथून जवळच्या आसोद्याच्या कवयित्री बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. अक्षर येत नाही म्हणून माणसाला समजणार नाही, असं त्यांच्या गावाशेजारी बसून आपण म्हणू शकत नाही.

तेव्हा विनंती एकच. कोणती पद्धत रुग्णाला आवडली, एवढ्यावर तुलना थांबवू नका. महिन्याभराने त्याला विचारा, ‘पुन्हा रक्त दिसलं तर पहिल्या दिवशी काय कराल?’ यावलच्या शेतमजुराला, शिरपूरच्या गृहिणीला ज्या पद्धतीमुळे याचं उत्तर न अडखळता देता येईल, ती आपण उचलू.