पाणी जमिनीचें कीं माणसांचें?

(शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेंत झालेलें भाषण)



आभार मानण्यांत वेळ घालवीत नाहीं. विषय पोटाचा आहे. श्रीमंत कोण, गरीब कोण, हें सर्वांना दिसतें. पण न्याय कशाला म्हणावें, असें विचारलें कीं शहाणेसुद्धां घुटमळतात. मी एक सोपी खूण सांगतों. वांटणी होते तेव्हां माप कोणतें लावलें, एवढें पाहावें.

1972 सालचा दुष्काळ येथल्या वडील मंडळींना आठवत असेल. त्या सालीं माझी आई दुष्काळी कामावर होती; आधीं खडी फोडी, मग माती वाही. दुपारीं सुकडी मिळे, ती पदरांत बांधून आम्हां पोरांसाठीं आणी. 1973 च्या उन्हाळ्यांत महाराष्ट्रांत अशा कामांवर सुमारें 50 लाख माणसें राबत होतीं. त्यांच्या हातांनीं रस्ते झाले, बंधारे झाले, पाझर तलाव झाले. आमच्या गांवींही एक तलाव झाला. पुढें पाऊस पडला, तलाव भरला, खालच्या विहिरी तुडुंब झाल्या. पण विहिरी कोणाच्या? तलावाखालीं ज्यांचीं रानें, त्यांच्या! माझ्या आईला मजुरी मिळाली आणि रानवाल्याला पाणी. त्याचा ऊंस उभा राहिला, व तो तोडायला आम्हीच गेलों.

ह्यांत कोणी चोरी केली नाहीं, कीं कायदा मोडला नाहीं. तरी सरकारचा पैसा व गरिबाचा घाम ह्यांतून झालेली दौलत ज्याच्याकडे आधींच होतें त्याच्याच घरीं गेली. विषमता बहुधा अशीच वाढते. तिला दरोडा लागत नाहीं, नुसतें माप पुरतें.

मग दुसरें माप आहे काय? आहे, आणि तें आपल्याच मुलखांत लावून पाहिलेलें आहे. पुणें जिल्ह्यांत पुरंदर तालुका हा कमी पावसाचा. विलासराव साळुंखे नांवाचे पुण्याचे एक इंजिनियर कारखानदार त्याच दुष्काळांत ह्या भागांत हिंडले. नायगांव येथें देवस्थानची 40 एकर जमीन पट्ट्यानें घेऊन त्यांनीं पावसाचें पाणी अडविलें आणि उजाड माळ पिकवून दाखविला. मग गांवोगांवच्या शेतकऱ्यांना बरोबर घेऊन पाणी पंचायत उभी केली. तिचे नियम नीट ऐका. पाणी एकट्याला नाहीं, गटाला. वांटा एकरांवर नाहीं, घरांतल्या माणसांवर. माणशीं अर्धा एकर भिजेल इतकें पाणी, आणि एका कुटुंबाला फार तर अडीच एकरांचें. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जायचा नाहीं; तो गटाकडे परत यायचा. ऊंस लावायचा नाहीं. खर्चाचा पांचवा हिस्सा पाणी घेणाऱ्यांनींच भरायचा. आणि ज्याला गुंठाभरही जमीन नाहीं, त्यालाही पाण्यांत हक्क.

आतां हिशेब करा. एकाचें रान वीस एकर व घरांत चार माणसें. त्याला दोन एकरांचें पाणी. दुसऱ्याचें रान तीन एकर व घरांत पांच माणसें. त्याला अडीच एकरांचें. लोहार, कुंभार, मजूर ह्यांच्या नांवावर रान नसेल. पण पाणी त्यांच्याही नांवावर. त्या हक्काच्या बळावर दुसऱ्याचें रान वाट्यानें करतां येईल. हात जोडून नव्हे, बरोबरीनें बोलून.

मोठा बागाइतदार म्हणेल, “माझी जमीन जास्त, मग मला पाणी कमी कां?” त्यास माझें उत्तर असें: बाबा, जमीन तुझी आहे, ती कोणी नेत नाहीं. पण पाऊस सातबारा पाहून पडत नाहीं. ओढा तुझ्या आजोबानें खणला नाहीं. ज्या पाण्यांत एक एकर ऊंस पोसतो, त्यांत कित्येक एकर ज्वारी पिकते. तुझ्या उसाच्या गोडीसाठीं दहा घरांच्या भाकरी कोरड्या कां राहाव्या? मेहनत करून तूं जास्त मिळविलेंस तर आमचें पोट दुखत नाहीं. पण जें सर्वांचें आहे त्याची वांटणी तोंडें मोजून व्हावी, बांध मोजून नव्हे.

जोतीरावांनीं 1868 सालीं आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्या बांधवांना खुला केला. 1927 सालीं महाडास बाबासाहेबांनीं तळ्याचें पाणी हातीं घेतलें. पाणी कोणाचें, हा प्रश्न आपल्या लोकांनीं विचारला म्हणून पिण्याच्या पाण्याची वाट मोकळी झाली. शेताच्या पाण्याचा प्रश्न मात्र अजून पुष्कळ गांवांत कोणी तोंडावर आणीत नाहीं.

म्हणून जातां जातां एकच काम सांगतों. गांवांत तलाव, बंधारा किंवा उपसा योजना ठरेल त्या ग्रामसभेला घरीं बसूं नका. बायांनो, तुम्ही तर पुढें बसा, कारण घागर तुमच्याच डोक्यावर असते. उभें राहून विचारा: “हें पाणी कोणाच्या नांवावर चढणार, आणि कोणत्या मापानें?” उत्तर कागदावर लिहून घ्या. आणि हें पहिली कुदळ पडण्याआधीं करा. तलाव भरल्यावर विचारणाऱ्याच्या हातांत फक्त उसाचा कोयता येतो. माझ्या हातांत तोच आला होता.