झूम नेत्रिका : घ्यावी की न घ्यावी?



या व्यासपीठावरून राज्यकारभार, साहित्य, अध्यात्म अशा भारदस्त विषयांवर आपण व्याख्याने ऐकली आहेत. त्या पंक्तीत बोटभर लांबीच्या एका भिंगांच्या नळकांड्याविषयी तासभर बोलावयास आम्ही उभे राहावे, हे थोडे धाडसाचेच म्हणावे लागेल. परंतु दरवर्षी परीक्षांचे निकाल लागले की आपल्यातील अनेक घरांत मुलाला बक्षीस म्हणून दुर्बीण येते, आठ दिवस साऱ्या आळीची रीघ गच्चीवर लागते, आणि दिवाळीपर्यंत ती दुर्बीण माळ्यावर जुन्या पाळण्याशेजारी जाऊन बसते. अशा माळ्यावरच्या दुर्बिणी खाली काढून पाहण्याचा योग आम्हांला पुष्कळ वेळा आला आहे. त्यांतील बहुतेक निर्दोष असतात. दोष असतो तो डोळा लावावयाच्या टोकाशी. मुलाला वाटते आपल्यालाच काही दिसत नाही. वडिलांना वाटते पैसे फुकट गेले. आणि आकाशाची दोघांचीही ओळख तेथेच थांबते. म्हणून आजचा विषय.

दुर्बिणीचे मोठे भिंग किंवा आरसा यांचे काम प्रकाश गोळा करून प्रतिमा तयार करण्याचे. ती प्रतिमा मोठी करून डोळ्यापुढे मांडते ती नेत्रिका. बाजारात हिलाच आयपीस म्हणतात. दुर्बिणीच्या नाभीय अंतराला नेत्रिकेच्या नाभीय अंतराने भागले की किती पट मोठे दिसणार ते कळते. सत्तर मिलिमीटर व्यासाची आणि ७०० मि.मी. नाभीय अंतराची दुर्बीण आज नवशिक्यांच्या घरी सर्रास आढळते. तीत २५ मि.मी.ची नेत्रिका घातली तर २८ पट, १० ची घातली तर ७० पट. गणित तिसरीतल्या मुलाचे आहे. नेत्रिकेवरचा आकडा जितका लहान तितके चित्र मोठे, एवढी उलटी गोष्ट मात्र लक्षात ठेवावी लागते.

येथेच खोक्यावरची जाहिरात घात करते. खोक्यावर पाचशेपंचवीस पट असे ठळक अक्षरांत छापलेले असते. वस्तुतः व्यासाच्या दर मिलिमीटरमागे दोन पट, ही उपयुक्त वर्धनाची ढोबळ मर्यादा होय. म्हणजे सत्तर मिलिमीटरच्या दुर्बिणीला फार तर १४० पट. पेटीत मिळणारी ४ मि.मी.ची नेत्रिका १७५ पट मोठे दाखवते खरी, पण काय दाखवते? अंधुक, लिबलिबीत डाग. नेत्रिकेतून बाहेर पडणारा प्रकाशाचा झोत तेव्हा अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक झालेला असतो. शिवाय पृथ्वी काही आपल्यासाठी थांबत नाही. त्या चिमुकल्या खिडकीतून ग्रह या कडेने आत येऊन त्या कडेने बाहेर पडावयास एक मिनिटही लागत नाही. मुलगा म्हणतो, “बाबा, या, शनी आला!” बाबा चष्मा सावरीत येईतो शनी गेलेला असतो. गॅलिलिओने १६१० साली गुरूचे चंद्र पाहिले ते सुमारे वीस पट वर्धनाने, हे त्या खोके छापणाऱ्यास कोणी तरी सांगावयास हवे. बिचाऱ्या गॅलिलिओच्या दुर्बिणीत चंद्राचे पूर्ण बिंबही एका वेळी मावत नसे, हेही खरे. त्या गोष्टीकडे आपल्याला पुन्हा यावयाचे आहे.

आता झूम नेत्रिका म्हणजे काय? साध्या नेत्रिकेतली भिंगे जागच्या जागी बसवलेली असतात. झूममध्ये भिंगांचा एक संच मागेपुढे सरकतो. बाहेरचे कडे फिरवले की नाभीय अंतर बदलते. बाजारात मुख्यतः ८ ते २४ आणि ७ ते २१ मि.मी. अशा झूम मिळतात. कड्यावर २४, २०, १६, १२, ८ असे आकडे कोरलेले असतात. एकच नेत्रिका घातली आणि आपल्या सत्तर मिलिमीटरच्या दुर्बिणीत २९ पटीपासून ८७ पटीपर्यंत हवे तेथे थांबता आले. अंधारात खिशातून दुसरी नेत्रिका काढा, पहिली ठेवा, स्क्रू सैल करा, तेवढ्यात दुर्बीण हलली म्हणून तारा पुन्हा शोधा, हा सारा व्याप वाचला.

पण वर्धन बदलण्याची सोय हा झूमचा खरा गुण नव्हे, असे आमचे मत आहे. खरा गुण असा की, ती माणसाला हवा वाचावयास शिकवते. आपल्या डोक्यावरची हवा दररोज सारखी नसते. दिवसभर तापलेल्या सिमेंटच्या गच्चीतून, शेजारच्या पत्र्यातून रात्री उष्णता वर येत राहते आणि ग्रहाचे बिंब पाण्यात पडलेल्या नाण्यासारखे थरथरते. अशा रात्री सव्वाशे पट वर्धन लावणे म्हणजे थरथर सव्वाशे पट मोठी करणे होय. झूम लावून चोवीसपासून सुरुवात करावी, कडे हळूहळू फिरवावे, तपशील वाढत जातो. एका ठिकाणी तो वाढावयाचा थांबतो आणि चित्र नुसतेच फुगते. तेथून थोडे मागे यावे. ते आजचे वर्धन. उद्याचे वेगळे असेल. सुट्या नेत्रिका वापरणाऱ्याला हे शिकावयास महिने लागतात. झूमवाल्याला पहिल्या आठवड्यात उमगते.

याचे सुरेख उदाहरण या दिवसांत आपल्या माथ्यावरच आहे. लग्नात अंतरपाट दूर झाल्यावर वधूवरांना जी अरुंधती दाखवितात, किंवा भर दुपारच्या मुहूर्तावर जिच्या दिशेने नुसते बोट दाखवितात, ती सप्तर्षींतल्या वसिष्ठाशेजारी बसलेली असते. दोहोंत अंतर आहे सुमारे बारा कला, म्हणजे पूर्ण चंद्रबिंबाच्या निम्म्याहून थोडे कमी. झूम चोवीसवर ठेवून वसिष्ठ पाहा. अरुंधती ऐसपैस बाजूला दिसेल, आणि वसिष्ठ स्वतःच काहीसा लांबट, दोन दाणे चिकटल्यासारखा भासेल. आता कडे फिरवा. दाणे सुटे होतात, मध्ये काळी फट पडते, रुंदावते. वसिष्ठ एक नव्हे, दोन तारे आहेत. त्यांतले अंतर अवघे चौदा विकला. आठवर आल्यावरही अरुंधती क्षेत्राबाहेर गेलेली नसते. एका हाताच्या फिरवण्यात एका ताऱ्याचे दोन होताना पाहणे, हा अनुभव सुट्या नेत्रिका देत नाहीत, आणि तो घेतलेले मूल दुर्बीण माळ्यावर टाकत नाही.

एवढे ऐकून उद्याच बाजारात धावू नये, कारण दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची आहे आणि दुकानदार ती सहसा सांगत नाही.

नेत्रिकेला डोळा लावला की जी गोल खिडकी दिसते, तिची रुंदी अंशांत मोजतात. प्लॉसल नावाची साधी, भरवशाची नेत्रिका, जिची रचना व्हिएन्नाच्या प्लॉसलने १८६० साली केली, ती सुमारे ५० ते ५२ अंशांची खिडकी देते. सर्वसाधारण झूमची खिडकी आठवर ६० अंशांच्या आसपास असते, परंतु चोवीसवर ४० अंशांपर्यंत आक्रसते. म्हणजे जेथे रुंदी हवी तेथेच ती कमी! कमी वर्धन आपण लावतो ते कशासाठी? आकाशात वस्तू शोधण्यासाठी आणि पसरट तारकागुच्छ पाहण्यासाठी. आपल्या दुर्बिणीत चोवीसवरची झूम जेमतेम १.४ अंश आकाश दाखवते; २५ मि.मी.ची प्लॉसल जवळजवळ १.९ अंश. पुष्य नक्षत्राजवळचा कर्केतला तो सुंदर तारकागुच्छ दीड अंशाहून थोडा मोठा आहे. प्लॉसलमध्ये तो भोवतालच्या काळोखासह बसतो. झूममध्ये कडेचे तारे कापले जातात, आणि आपण तारकागुच्छ पाहतो आहोत की नुसतेच विखुरलेले तारे, हे कळेनासे होते. गॅलिलिओची जी अडचण होती तीच पैसे मोजून विकत घेतल्यासारखे झाले. महागड्या झूम या बाबतीत बऱ्या असतात. बाडर कंपनीची ८ ते २४ची हायपेरिअन चोवीसवर ४८ अंश आणि आठवर ६८ अंश देते. पण तिची किंमत पाहता नवशिक्याच्या दुर्बिणीला ती म्हणजे बैलाहून झूल महाग.

म्हणून आमचा सल्ला असा. दुर्बिणीबरोबर आलेली २५ किंवा २० मि.मी.ची नेत्रिका टाकू नये. शोधण्याचे काम तिच्याकडेच ठेवावे. चारची नेत्रिका खुशाल विसरावी. आणि मधल्या साऱ्या नेत्रिकांच्या जागी एक मध्यम किमतीची झूम घ्यावी. झूम ही दुसरी नेत्रिका म्हणून उत्तम, एकुलती एक म्हणून अपुरी.

तीही आपली दुर्बीण पाहून. दीडशे मिलिमीटर व्यासाची, १२०० मि.मी. नाभीय अंतराची डॉब्सोनियन जातीची दुर्बीण असेल तर ८ ते २४ची झूम ५० ते १५० पट देते. याहून चांगली जोडी नाही. एकशेतीस मि.मी. व्यासाची पण ६५० मि.मी.चीच आखूड दुर्बीण असेल, तर हीच झूम ८१ पटीवर येऊन थांबते, ग्रहांसाठी ते कमी पडते आणि दुप्पट करणारे बार्लो भिंग जोडावे लागते. शिवाय अशा आखूड दुर्बिणीत स्वस्त झूमच्या कडेचे तारे धूमकेतूसारखे शेपटी काढतात. दुकानात जाण्यापूर्वी दुर्बिणीच्या नळीवर छापलेले दोन आकडे कागदावर लिहून घ्यावेत. नळीच्या तोंडाचा व्यासही मोजावा: सव्वा इंची असेल तरच आजची नेहमीची झूम बसेल. जुन्या, लहान दुर्बिणींचे तोंड एक इंचाहून किंचित कमी असते.

चष्मेवाल्यांसाठी दोन शब्द. नुसता जवळचा किंवा लांबचा नंबर असेल तर चष्मा काढून फोकसचे चाक फिरवावे, झाले. तिरका नंबर मोठा असेल तर मात्र चष्मा ठेवूनच पाहावे लागते. मग नेत्रिकेपासून डोळा पंधरा ते वीस मिलिमीटर दूर ठेवूनही पूर्ण खिडकी दिसते की नाही, हे विकत घेण्यापूर्वी स्वतः पाहावे. कडेचा रबर दुमडता येतो की नाही तेही पाहावे.

दुकानात परीक्षा कशी करावी? दिवसाच, दूरच्या पाण्याच्या टाकीवर किंवा वीजेच्या खांबावर दुर्बीण लावून. कडे एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत फिरवावे. ते रखरखू नये, मध्येच सैल पडू नये. थोडा फोकस बदलणारच, त्यात दोष नाही. परंतु कडे फिरवताना खांबाचे टोक क्षेत्राच्या मध्यावरून कडेला पळत असेल तर भिंगे वाकडी बसली आहेत, ती नेत्रिका परत करावी. एका दुकानदाराने आम्हांला “हे असेच असते” असे सांगितले होते. असे नसते.

सूर्याविषयी मात्र विनोद नाही. नेत्रिकेच्या बुडाशी फिरवून बसवावयाची काळी काच काही स्वस्त दुर्बिणींबरोबर मिळते. ती आज रात्री घरी जाऊन फोडून टाकावी. दुर्बिणीने एकवटलेल्या उष्णतेने ती ऐन वेळी तडकते आणि डोळा जातो. सूर्यासाठी गाळणी हवी ती दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर, पूर्ण झाकणारी. ती नसेल तर सूर्याच्या वाटेस जाऊ नये.

राहता राहिला आपला पावसाळा. झूममध्ये सरकणारे भाग असल्यामुळे तिच्यात हवा जाते-येते, आणि हवेबरोबर दमट वाफ व धूळ. कोकणपट्टीत चार महिने कपाटात पडलेल्या भिंगावर जाळीसारखी बुरशी धरते आणि मग ती काचेवर कायमचा व्रण ठेवून जाते. मखमली पेटी किंवा चामडी पिशवी ही ओल धरणारी, म्हणून नको. घट्ट झाकणाचा डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या, आणि त्या महिन्या-दोन महिन्यांनी बदलाव्यात.

आमचे बोलणे येथे संपले. बाहेर पटांगणात, दिव्यांपासून जरा दूर, सत्तर मिलिमीटरची एक दुर्बीण मांडलेली आहे आणि तीत ८ ते २४ची झूम आहे. ढग नाहीत, वसिष्ठ-अरुंधती वर आले आहेत. मुलांना रांगेत पुढे द्यावे. आणि एक विनंती: डोळा लावताना हात पाठीमागे बांधावेत. नेत्रिका मुठीत धरण्याचा मोह सगळ्यांनाच होतो, झूमचे कडे नकळत फिरते, आणि पुढच्या आजींना वसिष्ठाऐवजी धुके दिसते.