'साबर बोंडं' आणि आपण प्रेक्षक



चित्रपटावर बोलायचे म्हणजे पडद्याकडे तोंड करून बोलायचे, असा प्रघात आहे. आज आम्ही पडद्याकडे पाठ करून बसणार आहोत. समोर खुर्च्यांत जी माणसे बसतात, ती काय पाहतात, कुठे हसतात, कुठे खाकरतात आणि बाहेर पडल्यावर काय बोलतात, हा आजचा विषय. निमित्त आहे एका थोड्या खर्चात काढलेल्या मराठी चित्रपटाचे, 'साबर बोंडं' ह्याचे. दोन पुरुषांच्या प्रेमाची ही गोष्ट आहे. आडवळणाने सांगण्यात अर्थ नाही, म्हणून आरंभीच सांगून टाकले.

नावापासूनच सुरुवात करू. बोंड म्हटले की आमच्या वऱ्हाडातला माणूस कपाशीकडे पाहतो, आणि अलीकडे तर बोंडाच्या पाठोपाठ त्याला गुलाबी अळीच आठवते. पण हे बोंड निवडुंगाचे. आतून लालभडक आणि गोड, वरून बारीक कुसळांनी भरलेले. हातात घ्यायचे तर आधी कुणीतरी ती कुसळे काढून द्यावी लागतात. चित्रपटात बाळ्या नावाचा शेतकरी तरुण मुंबईहून आलेल्या आनंदला ही फळे आणून देतो. प्रेमाची कबुली म्हणाल तर एवढीच.

गोष्ट तशी चार वाक्यांची. आनंद मुंबईत नोकरी करणारा तिशीतला तरुण. वडील वारतात, आणि दहा दिवसांचे सुतक पाळण्यासाठी तो आईबरोबर गावी येतो. गाव संगमनेर तालुक्यातले, खरशिंदे. आलेगेले नातेवाईक सांत्वन करता करता 'आता लग्नाचे काय?' हा प्रश्न पुढे सरकवतात. बाळ्याच्या मागेही लग्नाचा लकडा आहे. दोघे लहानपणापासून एकमेकांना ओळखतात, आणि ह्या दहा दिवसांत ते जवळ येतात. शेवट आम्ही सांगत नाही. आपल्यापैकी पुष्कळांनी तो अजून पाहिला नसेल.

दिग्दर्शक रोहन परशुराम कानवडे ह्यांचा हा पहिलाच मोठा चित्रपट. स्वतःच्या वडिलांच्या निधनानंतर गावी काढलेल्या दिवसांतून कथेचे बीज मिळाले, असे त्यांनी सांगितले आहे. भूषण मनोज आणि सूरज सुमन हे दोघे नायक, आणि आईच्या भूमिकेत जयश्री जगताप. नावावर तिकिटे खपावीत असे ह्यांत कुणी नाही. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतील सनडान्स महोत्सवात परदेशी कथापटांच्या विभागातले परीक्षकांचे सर्वोच्च पारितोषिक त्याला मिळाले. मग नागराज मंजुळे, सई ताम्हणकर अशा मंडळींनी आपली नावे त्याच्याशी जोडली, आणि १९ सप्टेंबर २०२५ रोजी तो आपल्याकडे चित्रपटगृहांत आला. त्याच शुक्रवारी 'जॉली एलएलबी ३' आला होता, आणि 'दशावतार' आठवडाभर आधीच येऊन बसला होता. अशा वेळी लहान चित्रपटाच्या वाट्याला कोणते खेळ येतात, हे सांगायला नको. एखादा सकाळचा, एखादा भर दुपारचा. नोकरी करणाराने रजा काढावी, नाहीतर वाचून समाधान मानावे.

आता प्रेक्षकाकडे वळू. ह्या चित्रपटात पार्श्वसंगीत नाही. ही बाब वाटते तितकी साधी नाही. आपले चित्रपट प्रेक्षकाला बोट धरून नेतात. सारंगी वाजली की डोळे पुसायचे, ढोल वाजला की शिट्टी मारायची. इथे कॅमेरा एका जागी बराच वेळ थांबतो, आणि ऐकू येतात ते गावातले आवाज आणि माणसांचे बोलणे. मग जो तो आपापल्या जबाबदारीवर बसलेला असतो. खुर्ची करकरली तरी शेजारच्याला ऐकू जाते. दोन पुरुषांचे हात एकमेकांजवळ येतात तेव्हा थिएटरात जी खसखस पिकते किंवा जो खाकरा उठतो, तो लपवायला वाद्यवृंद नसतो. कमी पैशांत चित्रपट काढण्याचा हा एक लाभ म्हणायचा. प्रेक्षक उघडा पडतो.

ह्या हसण्याबद्दल थोडे बोलले पाहिजे. हे हसणे दुष्टपणाचे नसते, निदान नेहमी नसते. ते सवयीचे असते. हिंदी आणि मराठी विनोदी चित्रपटांनी बायकी चालीचा, हातवारे करणारा पुरुष इतकी वर्षे हशासाठी राबवला आहे, की तशा प्रसंगी हसायचे असते हे प्रेक्षकाच्या अंगवळणी पडले आहे. बाळ्या मात्र शेळ्या राखतो, उन्हात हिंडतो, आणि कुणाही वऱ्हाडी शेतकऱ्याच्या पोरासारखा दिसतो. हसायला तयार झालेला प्रेक्षक वाट पाहत राहतो, आणि हसण्याजोगे काही येतच नाही. पहिल्या अर्ध्या तासातली खसखस पुढे कमी होत जाते ती प्रेक्षक सुधारला म्हणून, असे आम्ही समजत नाही. तिला खाद्य मिळत नाही, इतकेच.

'आपल्या प्रेक्षकाला हे पाहायची सवय नाही,' असे म्हणणारांना आम्ही एक आठवण देतो. १९१६ साली खाडिलकरांचे 'स्वयंवर' रंगभूमीवर आले. त्यातली रुक्मिणी म्हणजे आपल्याच जिल्ह्यातल्या कौंडिण्यपूरची राजकन्या, आणि ती साकारली बालगंधर्वांनी, म्हणजे नारायणराव राजहंसांनी. समोर कृष्णही पुरुषच. त्या दोघांच्या शृंगारावर महाराष्ट्राने पिढ्यान् पिढ्या माना डोलावल्या, आणि घरंदाज स्त्रियांनी नारायणरावांचे लुगडे नेसणे उचलले. विदर्भाच्या खेड्यांत दंडारीत, खडी गमतीत पुरुषानेच नाच्या व्हायचे ही रीत होती. तेव्हा दोन पुरुषांनी प्रेमाचे बोलावे आणि चारचौघांनी ते ऐकावे, ही गोष्ट आपल्या डोळ्यांना नवी नाही. नवे हे आहे, की त्यांतल्या एकाने लुगडे नेसलेले नाही.

दुसरी प्रतिक्रिया दगडाची. दीपा मेहतांचा 'फायर' नोव्हेंबर १९९८ मध्ये आपल्याकडे लागला. दोन जावांच्या प्रेमाची गोष्ट. आठवण राहिली आहे ती २ डिसेंबरची, शिवसेनेच्या कार्यकर्त्यांनी मुंबईत चित्रपटगृहात शिरून केलेल्या मोडतोडीची. मग दिल्लीत तेच घडले आणि चित्रपट पुन्हा परीक्षण मंडळाकडे गेला. पण त्याआधीचे तीन आठवडे कुणी आठवत नाही. त्या तीन आठवड्यांत लोक रांगा लावून, तिकिटे काढून तो पाहत होते आणि घरी जात होते. फेब्रुवारी १९९९ मध्ये तो काहीही न कापता पुन्हा लागला. म्हणून प्रेक्षकाची प्रतिक्रिया आणि प्रेक्षकाच्या नावाने दिलेली प्रतिक्रिया, ह्या दोहोंत आम्ही नेहमी फरक करतो. दगड मारणारा बहुधा तिकीट काढून आलेला नसतो.

'साबर बोंडं'वर दगड पडले नाहीत. कायदाही मध्यंतरी बदलला होता. १९९८ मध्ये दोन पुरुषांमधला असा संबंध गुन्हा होता. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, दोघे सज्ञान आणि राजी असतील तर तो गुन्हा नव्हे, असे ठरवले. पुढे १७ ऑक्टोबर २०२३ रोजी त्याच न्यायालयाने असा विवाह मान्य करण्यास मात्र नकार दिला.

तिसरी प्रतिक्रिया कणवेची, आणि मराठी माणसाला ती फार सोपी जाते. तेंडुलकरांच्या 'मित्राची गोष्ट' ह्या १९८१ च्या नाटकात रोहिणी हट्टंगडींनी सुमित्रा उभी केली. स्त्रीवर प्रेम करणारी ही स्त्री शेवटी आत्महत्या करते. हंसल मेहतांचा 'अलीगढ' २०१६ मध्ये आला. त्यातले प्राध्यापक रामचंद्र सिरस हे खरेच होऊन गेलेले गृहस्थ, विदर्भातलेच, नागपूरकडचे. अलीगढच्या विद्यापीठात मराठी शिकवीत आणि मराठीत कविता लिहीत. फेब्रुवारी २०१० मध्ये त्यांच्या घरात घुसून चित्रण करण्यात आले आणि मग त्यांनाच निलंबित करण्यात आले. एप्रिलच्या आरंभी अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने आदेश दिला, आणि आठवड्याच्या आत ते आपल्या खोलीत मृत आढळले. मनोज बाजपेयींचा तो अभिनय पाहून कुणाचे डोळे भरून आले नाहीत? पण आपल्याच मुलखातला हा मराठी कवी आपल्याला ठाऊक झाला तो एका हिंदी चित्रपटामुळे आणि मेल्यानंतर, हे विदर्भातल्या साहित्यरसिकांनी थोडे मनाला लावून घ्यायला हरकत नाही.

अशी कथा पाहून आलेला प्रेक्षक हळहळतो आणि मोकळा होतो. मेलेल्या माणसाला शेजारी राहायला खोली द्यावी लागत नाही. 'साबर बोंडं'मध्येही मृत्यू आहे, पण तो वडिलांचा, आणि तो पहिल्याच भागात होऊन गेलेला. पुढे ही दोन माणसे जगतात, जेवतात, झाडाखाली बसतात. हळहळ करायला जागाच ठेवलेली नाही. पुष्कळांना हा चित्रपट 'संथ' वाटला, 'त्यात काही घडत नाही' असे वाटले. आमचा तर्क असा, की काहीतरी वाईट घडेल म्हणून ते वाट पाहत बसले होते.

आता चौथी प्रतिक्रिया. ही सर्वांत सभ्य आहे, आणि आमचे खरे भांडण हिच्याशीच आहे. परीक्षणांतून, ओळखीच्या सुशिक्षित मंडळींच्या तोंडून आम्ही ती पुन्हा पुन्हा ऐकली. 'ही समलिंगी प्रेमाची गोष्ट नाहीच मुळी, ही माणसाच्या एकटेपणाची, दुःखाची, वैश्विक गोष्ट आहे.' म्हणणारांचा हेतू चांगला असतो. चित्रपटाला मोठा मान द्यावा म्हणून ते असे म्हणतात. पण एक लक्षात घ्या. नवरा-बायकोच्या प्रेमाचा चित्रपट पाहून 'ही स्त्रीपुरुषांची गोष्ट नाहीच' असे कुणी म्हणत नाही. तिथे ती स्त्रीपुरुषांची असूनही वैश्विक होऊ शकते. इथे मात्र आधी दोन पुरुष पुसून टाकायचे, आणि मग उरलेल्या भागाला वैश्विक म्हणायचे. बाळ्याने फळांची कुसळे आनंदसाठी काढली होती. चित्रपटाची कुसळे प्रेक्षकाने स्वतःच्या सोयीसाठी काढून टाकायची, हा निराळा उद्योग झाला.

आनंद आणि बाळ्या ह्यांचे दुःख सर्वांसारखे असते, तर त्यांना ते सर्वांना सांगता आले असते. आनंदच्या आईला मुलाचे ठाऊक आहे; सगळ्या चित्रपटात आम्हांला सर्वांत महत्त्वाचे वाटले ते हेच. ती न शिकलेली बाई नातेवाइकांच्या प्रश्नांपुढे मुलाची पाठ राखते. भाषण करीत नाही, रडून गोंधळ घालीत नाही. आणि तरीही त्या भरल्या घरात खरे काय ते मोठ्याने बोलता येत नाही. सुतकाचे नियम सर्वांना पाठ आहेत, पायांत काही घालू नये इथपासून सगळे. ह्या एका दुःखासाठी मात्र नियम नाहीत. आमच्याकडे तेरवीच्या पंगतीतही सोयरिकीचे बोलणे निघते हे आपण सर्वांनी अनुभवले आहे. ते बोलणे त्या मुलाच्या कानांनी कधी ऐकले नसेल, तर ह्या चित्रपटात ऐकता येते.

वऱ्हाडातल्या प्रेक्षकाला ह्यात एक विलक्षण विसंगतीही दिसेल. इथे शेती करणाऱ्या मुलांना मुली मिळत नाहीत म्हणून आईबाप हवालदिल आहेत. पस्तिशी उलटलेली पोरे गावोगाव बसून आहेत. आणि हा एक शेतकरी पोरगा, ज्याच्यासाठी मुलगी पाहिली जाते आणि जो लग्न टाळत फिरतो! ह्यावर हसू येणे अगदी स्वाभाविक आहे. पण ह्याच ठिकाणी एक माणूस असा आहे, ज्याच्याविषयी कुठल्याच प्रेक्षकाने बोललेले आम्ही ऐकले नाही. ती मुलगी. बाळ्या घरच्यांच्या हट्टाला वाकला असता तर जी त्याच्या घरात नांदायला आली असती ती. 'लग्न झाले की सगळे ठीक होते' असे सांगणारी वडीलधारी मंडळी तिच्या जन्माचा हिशेब कुठे धरतात? हा प्रश्न पडद्यावर कुणी विचारीत नाही. घरी जाताना तो ज्याचा त्याने विचारावा असा आहे, विशेषतः ज्यांच्या घरी उपवर मुली आहेत त्यांनी.

राहिली रिकाम्या खुर्च्यांची गोष्ट. चित्रपट किती चालला हे तिकिटांवरून मोजतात. पुण्या-मुंबईत माणूस एकटा जाऊन बसतो, त्याला कोण ओळखते? अमरावतीसारख्या गावात तिकीट काढायला गेले की राजकमल चौकापर्यंत तीन ओळखीचे भेटतात, आणि 'कोणता पाहिलास?' हा प्रश्न ठरलेला. ज्याला हा चित्रपट सर्वांत जवळचा वाटला असता, त्यालाच तो चारचौघांत पाहणे सर्वांत अवघड. तो टाळी वाजवणार नाही, खाकरणार नाही, परीक्षणही लिहिणार नाही. रात्री घरचे झोपल्यावर मोबाईलवर काही सापडले तर आवाज बंद करून पाहील. प्रेक्षकांच्या प्रतिक्रियांचा हिशेब मांडताना ही पाटी कोरी राहते, आणि कोरी आहे म्हणून तिथे कुणी नव्हते असे धरले जाते. ह्या मंडपात पाचसहाशे माणसे असतील. त्यांत असा एकही नसेल असे आम्हांला वाटत नाही. तो मुलगा असेल, मुलगी असेल; नाहीतर आनंदच्या आईसारखी सगळे ठाऊक असून गप्प बसलेली एखादी माउली असेल.

अध्यक्षांनी घड्याळाकडे दोनदा पाहिले आहे, तेव्हा थांबतो. ह्यानंतर प्रश्नोत्तरांचा कार्यक्रम आहे. स्वयंसेवक कागदाच्या चिठ्ठ्या घेऊन फिरतील. चिठ्ठीवर प्रश्नाखाली नाव लिहावे अशी चालकांची विनंती असते. आजच्यापुरती ती अट आम्ही त्यांच्याकडून मागून घेतली आहे. नाव लिहिले नाही तरी चालेल.