मुलाच्या हातीं वाहन

मुलगा दहावीची परीक्षा उत्तीर्ण झाला कीं त्यास मोटारसायकल घेऊन द्यावी, अशी रीत आपल्या मराठवाड्यांत रूढ होऊं लागली आहे. उमरीसारख्या गांवाहून शिकवणीस जावयाचें, शेतावर डबा न्यावयाचा, तर वाहन लागतें. गरज खोटी नाहीं. चावी देतांना पिता बजावतो, "जपून चालव, आतां तूं जाणता झालास." एवढ्यानें जबाबदारी मुलाकडे गेली, असें त्यास वाटतें. हा समज खरा आहे काय?

१९ मे २०२४ रोजीं, पहाट होण्यापूर्वीं, पुण्यांत कल्याणीनगर येथें एका भरधाव मोटारीच्या धडकेनें दुचाकीवरील दोन तरुण अभियंते मृत्यू पावले. पोलिसांच्या तपासाप्रमाणें मोटार १७ वर्षांचा मुलगा चालवीत होता. त्याच दिवशीं त्यास जामीन मिळाला. जामिनाच्या अटींत ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याची एक अट होती. तीवर देशभर क्षोभ उसळला. मुलांकडून निबंध लिहवून घेण्यांत माझें आयुष्य गेलें आहे. निबंधानें भाषा सुधारते. वेग आवरण्याची संवय त्यानें लागत नाहीं. परंतु पुढें दोन दिवसांनीं मुलाच्या पित्यास अटक झाली, ही गोष्ट मला अधिक विचारार्ह वाटते.

कारण कायदा येथें स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्यांत २०१९ सालीं झालेल्या दुरुस्तीप्रमाणें अल्पवयीन मुलानें वाहन चालवून गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनाचा मालक दोषी मानला जातो. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड. वाहनाची नोंदणी १२ महिने रद्द होते आणि मुलास वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाहीं. आपल्या नकळत वाहन नेलें, हें सिद्ध करण्याचा भार पालकावरच असतो. कित्येक गृहस्थ म्हणतात, "सोळाव्या वर्षीं स्कूटर चालते." ती सवलत ५० सी. सी. पर्यंतच्या बिनगिअरच्या वाहनापुरती आहे. घरोघरीं दिसणाऱ्या स्कूटरी ११० वा १२५ सी. सी. च्या असतात.

मग करावें काय? अठरा वर्षें पुरीं होईपर्यंत सायकल व एस. टी. बरी. पुढें शिकाऊ परवाना काढून द्यावा व मुलास स्वतः जवळ राहून शिकवावें. हेल्मेटावांचून चावी नाहीं, गाडीवर तिघे बसावयाचे नाहींत, कोठें गेला व केव्हां परतला याचा हिशेब द्यावयाचा, हे नेम पहिल्याच दिवशीं सांगावे. नेम मोडल्यास चावी परत घ्यावी. ती घेतांना मुलगा रुसेल, तर रुसूं द्यावें. आणि पित्यानें स्वतः तेच नेम पाळावे, कारण मुलें उपदेशापेक्षां वर्तन लवकर उचलतात.

जबाबदारी ही वाहनाबरोबर दुकानांतून घरीं येत नाहीं. ती आधीं घरांत रुजवावी लागते, आणि मगच चावी द्यावी. तोंवर 'नाहीं' म्हणणें हेंच पित्याचें कर्तव्य होय.