शहराचा कचरा आणि द्राक्षाची माती



बेंगळुरूजवळच्या आनेकलमध्ये द्राक्ष आणि कंपोस्ट या विषयावर बोलायला एक चांगलं कारण आहे. बेंगळुरूच्या या तांबड्या मातीच्या मुलखानं दोन गोष्टींना आपलं नाव दिलं. एक म्हणजे 'बंगळूर ब्लू', जाड सालीचं, गर्द निळं, भौगोलिक मानांकन मिळालेलं द्राक्ष. दुसरी म्हणजे कंपोस्ट करण्याची 'बंगळूर पद्धत'. या दोन्हींची गाठ पुन्हा घातली पाहिजे आणि त्याची सुरुवात आपल्या घरातल्या कचऱ्याच्या डब्यापासून होते, एवढंच मला आज सांगायचं आहे.

आधी थोडा इतिहास. 1924 ते 1931 या काळात अल्बर्ट हॉवर्ड इंदूरच्या वनस्पती संशोधन संस्थेत काम करत होते. काडीकचरा, शेण, गोठ्यातली मूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर लावायचे, ओल राखायची, ढीग ठरावीक अंतरानं उलथायचा. तीन महिन्यांत खत तयार. ही 'इंदूर पद्धत' जगभर गेली. तिच्यावरचं 1931 सालचं इंग्रजी पुस्तक हॉवर्ड आणि यशवंत वाड या दोघांच्या नावावर आहे. हे दुसरं नाव आपण मराठी माणसांनी विसरू नये.

पुढे 1939 मध्ये बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत डॉ. सी. एन. आचार्य यांनी शहरांचा प्रश्न हाती घेतला. चरात शहरी कचरा आणि मैला यांचे आलटून पालटून थर द्यायचे आणि वरून माती लिंपायची. उलथणं नाही, पुन्हा पाणी घालणं नाही. सहा-आठ महिन्यांत खत हाती येतं. गावाकडून शहरात आलेलं अन्न पुन्हा गावच्या मातीत जावं, हा त्यामागचा अर्थ मला फार मोलाचा वाटतो.

आता मातीकडे येऊ. इथली तांबडी जमीन पाण्याचा निचरा चांगला करते, आणि द्राक्षवेलीला पाय ओले राहिलेले चालत नाहीत. पण हीच माती पाणी आणि अन्नद्रव्यं धरून ठेवायला कमी पडते. खत घाला, दोन मोठे पाऊस होऊ द्या, नत्राचा मोठा वाटा मुळांच्या खाली निघून जातो. कंपोस्टमधला ह्यूमस ही धरणशक्ती वाढवतो, मातीचे कण एकमेकांना बांधून रवाळ करतो आणि मुळांशी सहजीवन करणाऱ्या बुरशीला आसरा देतो.

मात्र हे काम एका वर्षाचं नाही. एकरभर जमिनीचा वरचा अर्धा फूट थर म्हणजे सुमारे 900 टन माती. तिच्यातला सेंद्रिय कर्ब 0.4 टक्क्यांवरून 0.5 टक्क्यांवर न्यायचा, तर साधारण 900 किलो कर्ब तिथे टिकून राहायला हवा. 10 टन ओलसर कंपोस्टमध्ये तीन टन पाणी धरा. उरलेल्या सात टनांत कर्ब असतो जेमतेम एक टन, आणि आपल्या हवेत त्यातला बराचसा सूक्ष्मजीव खाऊन संपवतात. म्हणून कंपोस्ट दरवर्षी घालावं लागतं, आणि रानभर न विस्कटता वेलीच्या ओळीत, मुळांच्या पट्ट्यात घालणं शहाणपणाचं ठरतं.

नाशिक-सांगलीकडचा बागायतदार हे जाणतो. एप्रिलच्या खरड छाटणीच्या तोंडावर तो बोद, म्हणजे वेलीच्या ओळीचा उंच वरंबा, फोडतो, खोडापासून अंतर राखून चारी काढतो, कुजलेलं खत भरतो आणि माती ओढून ड्रिप सुरू करतो. काही आठवड्यांनी ती माती हलक्या हातानं उकरून बघा. खताला बिलगलेल्या पांढऱ्या मुळ्यांचं जाळं दिसतं. वेल खाते ती याच मुळ्यांनी. 'बंगळूर ब्लू' तर इथल्या सौम्य हवेत वर्षाला दोन बहार देते, म्हणजे मातीकडून दोनदा वसुली होते. परतफेडही तशीच हवी.

इथे एक इशारा द्यायलाच हवा. कंपोस्ट चांगलं, म्हणून जास्त ते आणखी चांगलं, असं होत नाही. त्यातलं नत्र हिशेबात धरून युरिया कमी केला नाही, तर वेल माजते, कॅनॉपी दाट होते, काडीत सूक्ष्म घड तयार होण्याच्या दिवसांत डोळ्यांवर सावली पडते आणि दाटीत डाउनी या बुरशीजन्य रोगाचं फावतं. कच्चं शेणखत तर त्याहून वाईट. त्याबरोबर मुळं खाणारी हुमणी अळी येते, तणाचं बी येतं. नीट केलेला ढीग आतून 55 ते 65 अंशांपर्यंत तापतो. त्या उष्णतेत बहुतेक तणबी आणि रोगजंतू मरतात.

खत पिकलं की नाही, हे हातानं कळतं. मूठभर घेऊन दाबा. गोळा व्हावा, बोटांतून पाणी गळू नये, आणि बोटानं टोचल्यावर भुगा व्हावा. वास पहिल्या पावसातल्या मातीचा यावा. नाकाला झोंबणारा अमोनिया नको. शंका असेल तर थोडं खत मातीत मिसळून मेथीचे दाणे पेरा. ते एकसारखे उगवले नाहीत, तर ढीग आणखी ठेवा.

आता शहराचा वाटा. बेंगळुरूच्या याच आग्नेय बाजूला हरळुकुंटे इथे कर्नाटक कंपोस्ट विकास महामंडळ 1975 पासून शहराच्या कचऱ्याचं खत करण्याच्या कामात आहे. कचऱ्याच्या प्रश्नावर बेंगळुरूच्या अल्मित्रा पटेल 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेल्या, आणि 2000 साली देशाला घनकचऱ्याचे नियम मिळाले. यंत्रणा आहे, कायदा आहे. पण भाजीच्या देठांबरोबर काच, प्लॅस्टिक, बॅटरीचे सेल एकाच डब्यात पडले, तर चाळणीतून काच निघेल, सेलमधले जड धातू निघणार नाहीत. ते मातीत साठत जातात आणि तिथून काढता येत नाहीत. जिगणी, बोम्मसंद्र, अत्तिबेले या वाढत्या वस्त्यांमध्ये राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी ओला कचरा वेगळा ठेवला, तरच त्याचं खत शेतकरी विश्वासानं घेईल.

आणि बागायतदार मित्रांनो, तुमच्याकडे एक मागणं. तासगाव भागातल्या द्राक्षशेतकऱ्यांसोबत 'प्रयोग परिवारा'चं काम करणाऱ्या श्री. अ. दाभोळकरांनी शेतकऱ्याला स्वतः प्रयोग करायला, नोंदी ठेवायला आणि त्या इतरांना सांगायला शिकवलं. तुम्हीही विकतच्या खताचा तपासणी अहवाल मागा, छाटणीच्या काड्या जाळू नका, बारीक करून ढिगात घाला. बागेतल्या दोन ओळी कंपोस्टविना ठेवा आणि पाणी किती लागलं, काडी किती जाड झाली, घड किती आले, हे तीन वर्षं लिहून ठेवा. त्या वह्या घेऊन शेतकरी आणि शहरातली मंडळी एकत्र बसली, तर कोणत्या वस्तीचं खत घ्यायचं आणि किती घालायचं, हे इथेच ठरवता येईल. त्या बैठकीची तारीख आपण आजच ठरवू या.