जो वल्हवीत नाहीं त्याचें काम



सुप्याच्या कोरड्या माळावर मीं नावेची गोष्ट काढावी, याचें आपणांस नवल वाटेल. परंतु आपल्या दारावरून जाणारा रस्ता ज्या पुण्यास पोहोंचतो, तेथें सैन्यांतील जवान नाव वल्हविण्यास शिकतात. नाशिक जिल्ह्यांतील तळेगांव रोही या अवर्षणाच्या गांवचे दत्तू भोकनळ सैन्यांत गेल्यावरच वल्हें धरूं लागले, आणि 2016 सालीं ऑलिंपिकपर्यंत पोहोंचले. तेव्हां हा विषय आपणांस अगदींच परका नाहीं.

शर्यतीच्या मोठ्या नावेंत आठ जण वल्हवितात. नववा वल्हें धरीत नाहीं. अंतर 2,000 मीटर. आठही जण जावयाच्या दिशेकडे पाठ करून बसतात. नववा मागच्या टोकास, त्यांच्याकडे तोंड करून बसतो. पुढची वाट त्या एकट्यासच दिसते. सुकाणूं त्याच्या हातीं. संस्कृतांत 'कर्ण' म्हणजे सुकाणूं. 'कर्णधार' हा शब्द मुळांत याच माणसाचा.

खरें पाहतां तो इतरांवर ओझेंच असतो. तें ओझें सार्थकीं लागतें तें दोन गोष्टींनीं. सुकाणूं वळविलें कीं पाणी अडतें व नाव मंदावते. म्हणून जाणता कर्णधार वेळींच, अगदीं थोडें वळवितो. उशिरां जागा झालेल्यास जोरानें वळवावें लागतें, आणि त्याची भरपाई आठांच्या दमानें होते. दुसरें, किती अंतर उरलें तें तो खरें सांगतो. "आतां दहाच हात मारा" असें खोटें सांगून एकदां जोर काढून घेतां येईल. पण ज्यांनीं आपले डोळे त्याच्या स्वाधीन केले, ते पुढच्या हाकेस ओ कशी देतील?

24 सप्टेंबर 2023 रोजीं चीनमधील हांगझोऊ येथील आशियाई स्पर्धेंत भारताच्या अशा नावेनें 5 मिनिटें 43.01 सेकंदांत रौप्यपदक मिळविलें. कर्णधार होते धनंजय पांडे. त्यांनीं एकही वल्हें मारलें नव्हतें; पदक मात्र आठांबरोबर त्यांच्याही गळ्यांत पडलें.

घरांत, पंचायतींत, मंडळांत ज्यांच्या हातीं सुकाणूं आहे, त्यांनीं रोज निजण्यापूर्वीं स्वतःस दोनच प्रश्न विचारावे: मीं वेळींच वळविलें काय? मीं खरें सांगितलें काय? कारण ज्यांच्या घामावर आपण बसलों आहोंत, त्यांस वाट दिसत नाहीं. त्यांस दिसतो तो फक्त आपला चेहरा.