जोडकाम आणि निवण्याचा वेळ

सूक्ष्म मापाच्या जोडकामात उष्णतेशीच खरा झगडा असतो. पोलाद तापले की प्रसरण पावते, निवताना आखडते, आणि अर्ध्या मिलिमीटरने वाकलेली चौकट पुढे जागेवर बसत नाही. म्हणून जाणता वेल्डर आधी टाके मारतो. मग एकदा या बाजूस, एकदा त्या बाजूस थोडे थोडे वेल्डिंग करून मध्ये निवू देतो. या निवू देण्याला नगावारी मजुरीच्या हिशेबात स्थान कोठे आहे? नगामागे पैसे मिळणारा माणूस एका दमात सांधा पुरा करणार. माल नापास झाला की व्यवस्थापन त्याच्याच नावाने खडे फोडणार. येथे दोष हाताचा नसून मोबदल्याच्या पद्धतीचा आहे.

धुराचेही तेच. वेल्डिंगचा धूर कर्करोगकारक असल्याचा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ साली दिला. तरीही धूर खेचणारा पंखा ‘अनुत्पादक खर्च’ ठरतो. (हा शब्द आम्हा अर्थशास्त्र्यांचीच देणगी!) तेव्हा कामगार संघटनेने केवळ दरवाढ मागून थांबू नये. वेल्डिंगचा क्रम ठरवताना वेल्डरला सोबत बसवा, निवण्याचा वेळ मजुरीत धरा आणि पंख्याचा खर्च मालाच्या किमतीत मांडा, असा मसुदा तिने पुढील वाटाघाटीत ठेवावा.